पानावर सांडलेला मध

"तुझ्या माश्या माझ्या झाडांवर मध सांडतायत."

फौजदाराने हे वाक्य कुंपणापाशी उभं राहून, लिंबाचं एक काळपट पान पुढे करून, सकाळी साडेसातला उच्चारलं. कुंपणापलीकडे शेजारचा मोहोळ्या मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उघडून वाकला होता. त्याने झाकण हळूच लावलं, तोंडावरची जाळी वर केली, आधी पानाकडे पाहिलं आणि मग फौजदाराकडे.

"काय करतायत?"

"सांडतायत. मध. हात लावून बघ."

मोहोळ्याने बोट लावलं. बोट चिकटलं.

"चिकट आहे."

"आता चाट."

"तू चाटलंस?"

"मी तपास करतोय. तपास करणारा चाटत नसतो."

फौजदार कधीच पोलिसात नव्हता. त्याच्या अंगावर खाकी कपडा चढला तो एकदाच, आणि तोसुद्धा मेहुण्याची जुनी पँट. पण पंचवीस वर्षांपूर्वी त्याची कुदळ हरवली, तेव्हा त्याने अकरा दिवस सगळ्या आळीची उलटतपासणी केली होती. कोण कुठे होतं, कोणाच्या हाताला घट्टे आहेत, कोणी हल्लीच खड्डा खणला आहे, असं सगळं वहीत लिहून काढलं होतं. बाराव्या दिवशी कुदळ त्याच्याच गोठ्यात गवताखाली सापडली. तिथे ती कोणी ठेवली, याचा तपास अजून चालू आहे. लोकांनी मात्र त्याच दिवशी त्याचं नाव फौजदार ठेवून प्रकरण मिटवलं.

ह्या वेळी प्रकरण कुदळीचं नव्हतं. एकशेचाळीस झाडांची लिंबूबाग होती. लेक जन्मली त्या वर्षी लावलेली, खांद्यावरून पाणी वाहून जगवलेली. गेल्या वर्षापासून तिच्या पानांवर काजळी धरायला लागली होती. आधी चिकटपणा यायचा, मग काळं. धुनीवर धरल्यासारखी पानं. फळंसुद्धा काळी. व्यापारी येऊन एक लिंबू उचलायचा, रुमालाने पुसायचा, रुमालाकडे बघायचा आणि चहा न घेता जायचा. यंदा तर शेंड्यांची वाढच थांबली होती. अजून एक हंगाम असाच गेला की बाग सरपणाच्या भावाने काढावी लागणार, हे फौजदाराला कळत होतं. रोज सकाळी तो एकेका झाडाच्या खोडावर हात ठेवून उभा राही, जसं आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

आणि कुंपणाला लागून मोहोळ्याच्या बावीस पेट्या. आता ह्यात संशय घ्यायला फौजदारच कशाला हवा होता?

"अरे, माझ्या माश्या मध गोळा करतात," मोहोळ्या म्हणाला. "सांडायला त्यांच्या हाताला काय कंप सुटलाय?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय. फुलं नाहीत तरी झाडावर माश्या. पानावर बसतात, खाली मान घालतात, नि उडून जातात. माशी उडाली की मी पान बघतो. चिकट! रंगेहाथ म्हणतात तो हाच."

मोहोळ्याने चिकट बोट सदऱ्याला पुसलं. पानावर माश्या बसतात हे त्यानेही पाहिलं होतं आणि त्याच्याही डोक्यात एक भुंगा महिनाभर गुणगुणत होता. तो त्याने आता सोडला.

"माश्या पानावर बसतात ते मलाही दिसतं. पण पान गोड कशाने झालं, ते तू सांग. गुळाचं पाणी शिंपडतोस ना?"

"मी?"

"गोडाची चटक लावायची आणि एक दिवस त्यात औषध घालायचं. तुझ्या ओसरीवर नवा डबा आलाय. त्यावर कवटीचं चित्र आहे. बायकोने पाहिलाय माझ्या."

"तुझी बायको माझ्या ओसरीवर काय करत होती?"

"विरजण मागायला आली होती!"

"विरजणाला आली नि डब्यावरची चित्रं बघून गेली. वा!"

पन्नास वर्षांची दोस्ती. एका पाटीवर अक्षरं गिरवली, एका विहिरीत पोहायला शिकले, एकमेकांच्या लग्नात जेवणाच्या पंगती वाढल्या. मोहोळ्या दर वर्षी पहिल्या मधाच्या पाच बाटल्या फौजदाराकडे पोचवायचा आणि फौजदार पहिली पाटीभर लिंबं त्याच्याकडे. त्या दोस्तीची त्या सकाळी अशी दोन्हीकडून झडती निघाली.

"ऐक," फौजदार शेवटी म्हणाला. "आज शुक्रवार. सोमवारी सकाळी मी बागेवर फवारणार. ते औषध जबर आहे. त्याआधी पेट्या हलव."

"कुठे हलवू? नदीकडे सगळे फवारतात. माळावर प्यायला पाणी नाही. तुझ्या फुलांवर जगतात रे त्या."

"ते तू बघ."

"बघतो," म्हणून मोहोळ्याने जाळी खाली ओढली. जाळीआड त्याचा चेहरा कसा झाला ते फौजदाराला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी त्याने ते पुरावा म्हणूनच लिहून घेतलं असतं.

रविवारी फौजदार पहाटेपासून सातव्या ओळीतल्या झाडाखाली पाट टाकून बसला. हातात वही, कानावर पेन्सिल, शेजारी झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी.

पाहिलं ते त्याने इमानाने लिहिलं. *पावणेसात. मुंग्यांची रांग खोडावरून वर. रिकाम्या पोटी वर जातात, फुगून खाली येतात. साथीदार असाव्यात. सात वाजून दहा. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा गोल किडा. चालतो फार ऐटीत. पकडला. साडेसात. काळा, लांबट, नारिंगी डागांचा, मगरीच्या पिलासारखा दिसणारा जीव. तोंडावरूनच गुन्हेगार. पकडला. सात पन्नास. मोहोळ्याची माशी. पानावर. पकडायचा प्रयत्न केला. चावली.*

"अहो, चहा," बायको कप घेऊन आली. तिने बरणीत डोकावून पाहिलं. "ह्यांना कशाला कोंडलंय?"

"संशयित आहेत."

"काय केलंय त्यांनी?"

"तेच बघतोय. गुन्ह्याच्या जागी सापडले."

"गुन्ह्याच्या जागी तुम्हीपण रोज असता," ती म्हणाली. "आणि एवढे मोठे गुन्हेगार धरलेत, तर पानाला एकसुद्धा भोक का नाही? खाणारा असता तर कुरतडलं असतं ना? पान अख्खं आहे, नुसतं मलूल झालंय."

फौजदाराने चहाचा घोट घेतला. मुद्दा बिनतोड होता, म्हणून त्याने तो लिहून घेतला नाही.

बायको बोलून थांबणारी नव्हती. तिने शुक्रवारीच शेतकी कार्यालयात फोन केला होता. मोहोळ्याची बायको रडत आली तेव्हाच तिने ठरवलं होतं, की ह्या दोघांच्या मध्ये आता तिसरं डोकं हवं, आणि ते शक्यतो ठिकाणावर असलेलं.

सोमवारी सकाळी फौजदार पंप पाठीला लावून, कवटीचा डबा हातात घेऊन बागेत उतरला, तेव्हा फाटकातून एक बाई सायकल ढकलत आत आल्या. बारीक चणीच्या, पायात रबरी बूट, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. कार्यालयात त्यांना सगळे किड्याबाई म्हणत. त्यांनी आल्या आल्या डब्याचं झाकण बघितलं.

"उघडलात?"

"अजून नाही."

"मग बसा. झाड कुठलं दाखवता?"

कुंपणापलीकडे मोहोळ्या उभा होताच. पेट्या तिथेच होत्या. त्याने फक्त त्यांच्यावर ओली पोती टाकली होती आणि स्वतः समोर ठाण मांडलं होतं, जणू औषध आलंच तर आधी त्याच्या अंगावर पडावं.

"तुम्हीही या," बाईंनी त्याला हाक मारली. "तक्रार तुमच्यावर आहे असं ऐकलं."

फौजदाराने वही उघडली, बरणी पुढे केली आणि साक्षीपुराव्यासह प्रकरण मांडलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बरणी उजेडात धरली.

"हा गोल, ठिपकेवाला. आणि ही मगर त्याचीच अळी, त्याचंच लेकरू. फौजदारसाहेब, तुम्ही पोलीस पकडलेत."

"म्हणजे?"

"हे दोघे चोर खातात. अळी तर दिवसाला मूठभर फस्त करते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तुम्ही त्याला भोकाची बरणी दिलीत एवढीच दया."

"मग चोर कुठे आहेत?"

"तुम्ही ज्या फांदीला हात टेकून उभे आहात ना, तिच्यावर."

फौजदाराने हात असा काढला जसा तव्यावर पडला होता. फांदीवर काही नव्हतं. सालीवर तपकिरी पुटकुळ्या होत्या, त्या तर लिंबाला असतातच. बाईंनी नखाने एक पुटकुळी उचकटली. ती टरफलासारखी उचलली गेली आणि खाली काहीतरी ओलं, पिवळट, जिवंत होतं. त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं.

फौजदाराने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पूर्ण फांदीवरून नजर फिरवली. फांदीभर. मग शेजारच्या फांदीवर. वर्षभर ज्याला तो साल समजत होता, ती सालच नव्हती.

"ह्याला पाय कुठायत?"

"नाहीत. पंख नाहीत, डोळेही असून नसल्यासारखे. ही खवल्याची मादी. लहान असताना चालते, जागा पसंत करते, सोंड खुपसते, आणि मग जन्मभर उठत नाही. पाठीवर ढाल करून बसते."

"आणि नर?"

"नराला पंख असतात. पण तोंड नसतं. एखाद-दोन दिवस जगतो."

"तोंडच नाही?" बायको मागून म्हणाली. तिने हे वाक्य नुसतंच म्हटलं, पण फौजदाराने वळून बघितलं.

"आता नीट ऐका," बाई पाटावर बसल्या, "म्हणजे पुढच्या वेळी निरपराध माणसं धरणार नाही. झाड खाणाऱ्याची ओळख रंगावरून नाही, तोंडावरून करायची. एका जातीला दात, म्हणजे जबडा. अळ्या, टोळ, भुंगेरे. ते कुरतडतात, भोकं पाडतात, तुमच्या बायकोने बरोबर ओळखलं. दुसऱ्या जातीला दातच नाहीत. सुईसारखी सोंड. झाडाच्या शिरेत खुपसायची नि रस प्यायचा. पान अख्खं राहतं, झाड आतून रिकामं होतं. हे सगळे एका गणातले. पुस्तकात अर्धपंखी म्हणतात."

"अर्धपंखी?"

"त्यांतल्या काहींचा वरचा पंख अर्धा जाड, अर्धा पातळ असतो. तुमच्या खाटेतला ढेकूण ह्यांचा बिनपंखी चुलता. पण ज्यांनी तुमची बाग धरलीय त्यांचं घराणं थोडं निराळं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या आणि हा खवल्या. पांढरी माशी माशी नाही बरं का, ही फसवणूक आहे. तुडतुडा हात लावला की टुणकन उडतो, पंख पाठीवर घराच्या छपरासारखे. पिठ्याच्या अंगावर पीठ. मावा तर बाई नुसत्या बायकांचं राज्य. नराशिवाय पोरी होतात, पोरीच्या पोटात आधीच नात असते."

"अरेरे," मोहोळ्या म्हणाला. हे कोणाच्या बाजूने म्हणाला ते कळलं नाही.

"आणि ह्यांच्यात अळी, कोष हे प्रकार नाहीत. पिल्लू मोठ्यासारखंच दिसतं, फक्त लहान. म्हणून अळी दिसली की निदान एवढं समजा, की ह्या घराण्यातली नाही."

फौजदार भराभर लिहीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नुसते गुन्हेगार नाही, त्यांचं कूळ, हत्यार, कामाची पद्धत आणि बायकापोरांसकट सगळं मिळत होतं. चेहरा उजळला होता. पण तपास करणारा मूळ प्रश्न विसरत नाही.

"आणि हा चिकटपणा? मध कोणी सांडला?"

बाईंनी जरा मोहोळ्याकडे बघितलं.

"झाडाच्या रसात साखर फार आणि अंगाला लागणारं सत्त्व थोडं. म्हणून ह्यांना पोटभर नाही, पोटाबाहेर प्यावं लागतं. जास्तीची साखर मागून टाकून देतात. ती पानावर पडते. त्यावर काळी बुरशी वाढते, ती तुमची काजळी. मुंग्या त्याच्यासाठीच येतात, आणि बदल्यात ह्या ठिपकेवाल्याला हाकलून लावतात. राखण करतात म्हणा."

"मागून टाकतात," फौजदाराने लिहिलं. मग पेन्सिल थांबली. "मागून म्हणजे..."

"तेच."

तेवढ्यात एक मधमाशी कुंपणावरून आली, पानावर बसली, मान खाली घातली आणि मन लावून पिऊ लागली. चौघांनी तिच्याकडे पाहिलं. पोट भरल्यावर ती उडाली आणि पोत्याखालून सरळ तिसऱ्या पेटीत शिरली.

"म्हणजे माझा मध..." मोहोळ्या त्या पेटीकडे बघत म्हणाला. गेल्या वर्षीचा मध त्याच्या हयातीतला सर्वांत नामांकित ठरला होता. गडद, घट्ट, काकवीसारखा. गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी चार गावांत त्याची जाहिरात केली होती.

"फुलाचा नव्हता एवढंच," बाई म्हणाल्या. "वाईट काही नाही. माशीने तो पुन्हा आपल्या पोटात घेऊन, शिजवून केलेला असतो. काही लोक असला मध शोधून घेतात."

"मी रोज सकाळी एक चमचा घेते," फौजदाराची बायको सावकाश म्हणाली. "कफावर."

"आणि गुण?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. म्हणूनच राग येतोय."

औषधाचा डबा बाईंनी स्वतःच्या सायकलीला बांधला. ते फवारलं असतं तर ढालीखालचा खवल्या हसत बसला असता आणि ठिपकेवाले न् माश्या आधी मेल्या असत्या. त्यांनी सांगितलेला उपाय साधा होता, आणि म्हणूनच कोणी आपणहून केला नसता. जास्त लागण झालेल्या फांद्या छाटून जाळायच्या. उरलेल्या मऊ कुंचल्याने साबणाच्या पाण्यात थोडं तेल घालून धुवायच्या, पिल्लं फिरती असतात तेव्हा, दर दहा दिवसांनी. खोडाला कागद गुंडाळून त्यावर वंगण फासायचं, म्हणजे मुंगीचा जिना बंद. काळ्या पानांवर पिठाची पातळ खळ मारायची. ती वाळून सुटते तेव्हा काजळी घेऊन सुटते.

"एकशेचाळीस झाडं? कुंचल्याने?" फौजदार म्हणाला.

"फांदी फांदी," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

दोन महिने गावाने एक विचित्र देखावा पाहिला. दोन साठीकडे झुकलेले गृहस्थ लिंबाच्या झाडांना आंघोळ घालत होते. मोहोळ्या न बोलावता आला होता. कारण विचारलं तर म्हणायचा, "नजर ठेवायला. हा साबणात काय मिसळतो कोण जाणे." आणि फौजदार म्हणायचा, "येऊ दे. डोळ्यांसमोर असलेला बरा."

काट्यांनी दोघांच्या हातांची चाळण झाली. फौजदार प्रत्येक झाड धुतल्यावर खोडाशी वाकून कागदाची पट्टी तपासायचा. एकदा मुंग्यांनी वाळक्या गवताची काडी टेकवून वंगणावरून पूल केलेला त्याला सापडला, तेव्हा त्याने मोहोळ्याला हाक मारून दाखवला.

"बघ. आहे की नाही कटकारस्थान?"

"काडी तुझ्याच टोपीतून पडली असेल," मोहोळ्या म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात शेंड्यांना कोवळी पालवी आली. पोपटी, स्वच्छ, बोटाला न चिकटणारी. फौजदार प्रत्येक पान उलटून बघायचा आणि काही सापडलं नाही की थोडा नाराजसुद्धा व्हायचा. मग बाग फुलली. अशी फुलली की रस्त्यावरून जाणाऱ्याची पावलं मंद व्हावीत. बावीस पेट्या दिवसभर घोंगावल्या. व्यापारी आला, लिंबू उचललं, रुमाल खिशातच ठेवला आणि चहा घेतला. दोन कप.

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नवा मध निघाला.

तो फुलाचा होता. पातळ, पिवळसर, काचेसारखा पारदर्शक, वास लिंबाच्या कळीचा. मोहोळ्याने पहिली बाटली मास्तरीणबाईंना दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

"मोहोळ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्या दुकानासमोर म्हणाल्या, "मला वाटलं नव्हतं रे तुझ्याकडून. गेल्या वर्षीचा काय मध होता! काळा, दाट. हा बघ. पाणी घातलंस की साखरेचा पाक?"

"अहो, हाच खरा..."

"खरा मध मी ओळखत नाही का? गेल्या वर्षी खाल्लाय मी!"

मग गावाने मधाची परीक्षा घेतली. कोणी पाण्याच्या पेल्यात थेंब टाकला, कोणी वात बुडवून पेटवली, कोणी बाटली उन्हात धरून आरपार बघितलं आणि मान हलवली. मोहोळ्याला खरं सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर गेल्या वर्षी काय खाल्लं हे गावाला कळलं असतं, आणि गावात असा एकही माणूस नव्हता ज्याने ते बोट चाटत खाल्लं नव्हतं.

एका सकाळी तो फौजदाराच्या ओसरीवर येऊन बसला.

"एक झाड सोड," म्हणाला.

"म्हणजे?"

"एक झाड धुऊ नकोस. कोपऱ्यातलं, शेवटच्या ओळीतलं. त्याच्यावर अजून थोडे आहेत, मी बघितलंय. राहू दे."

"गुन्हेगारांना आसरा देऊ? मी?"

"मास्तरीणबाईंपुरतं होईल रे. त्यांनी एकदा मान डोलावली की सगळं गाव डोलावतं."

"आणि पुन्हा पसरले तर? एकशेचाळीस झाडं, दोन महिने! हे हात बघ!"

"माझे पण बघ," मोहोळ्या म्हणाला आणि हात पुढे केले. काट्यांच्या खुणा तंतोतंत तशाच होत्या.

फौजदार उठला आणि बागेत गेला. धुवायचा दिवस होता. साबणाची बादली घेऊन तो ओळीने निघाला. पहिली ओळ, दुसरी, सातवी. प्रत्येक झाडाशी वाकला, फांद्या उलटल्या, पुटकुळी दिसली तिथे कुंचला फिरवला, कागद तपासला. दुपारी शेवटच्या ओळीच्या कोपऱ्यातल्या झाडापाशी पोचला.

फांदीवर दहा-बारा तपकिरी पुटकुळ्या अगदी गरीब चेहऱ्याने बसल्या होत्या. खाली खोडावर मुंग्यांची एक रांग वंगणापाशी अडून घुटमळत होती. बादलीत पाणी बरंच शिल्लक होतं.

फौजदाराने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कुंपणापलीकडे, विहिरीच्या कठड्याकडे, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर टाकली. मग वाकून त्याने खोडावरच्या कागदाची पट्टी बोटभर सैल केली, एक वाळकी काडी तिच्यावर आडवी ठेवली आणि बादली उचलून तो भराभर घराकडे निघाला.